दाबोळीची धावपट्टी आणि मिरजेची गाडी

वास्कोहून गोवा एक्सप्रेस दुपारी सुटते. सुटल्या सुटल्या दाबोळी नावाचं एक छोटं स्टेशन लागतं. गाडी तिथे थांबत नाही, आणि बहुतेक प्रवासी तोवर पिशव्या सीटखाली सारण्यात गुंतलेले असतात. मागच्या वेळी परतताना मी खिडकीशी होतो. डोक्यावरून एक लढाऊ विमान इतक्या खालून गेलं की समोरच्या बाकावरचं पोर दचकून रडायला लागलं. त्याच्या आईने समजूत घातली, "विमान आहे रे, आपल्या मामासारखं मुंबईला चाललंय." ते विमान मुंबईला चाललं नव्हतं. ते नौदलाचं होतं. पण त्या पोराला कशाला हे सांगायचं?

गाडी मडगाव, कुळे, कॅसलरॉक, लोंढा, बेळगाव करत रात्री मिरजेला येते आणि मग सांगली, कऱ्हाड, सातारा असं करत पुण्याकडे जाते. आमच्या भागातल्या लोकांना ही गाडी घरची. पण ही गाडी आणि दाबोळीचा तो विमानतळ यांचं एकमेकांशी जवळचं नातं आहे, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. विमानतळ झाला त्याच वर्षी ही रेल्वे बंद झाली होती. आणि पुन्हा सुरू झाली ती त्या विमानतळावर बॉम्ब पडल्यानंतर. त्याचीच ही गोष्ट.

आमचे आजोबा रेल्वेत होते, मिरजेला. ते म्हणायचे, "मुरगावची गाडी बंद झाली तेव्हा मिरज अर्धी झाली." हे बोलणं जरा वाढवून सांगितलेलं असणार, रेल्वेच्या माणसाला स्टेशन म्हणजेच गाव वाटतं. पण त्यातली खंत खरी होती. मुरगाव बंदरापासून घाट चढून कॅसलरॉकला येणारी मीटरगेज लाईन १८८० च्या दशकात झाली. पोर्तुगिजांच्या हद्दीतला भाग आणि इंग्रजांच्या हद्दीतला भाग कॅसलरॉकपाशी जोडलेला. तिथून लोंढा, बेळगाव, मिरज. देशावरची शेंग, कापूस, मिरची खाली जायची, मीठ आणि मासळी वर यायची, शिवाय नात्यागोत्याची माणसं दोन्हीकडे. कॅसलरॉकला कस्टम्सवाले डबे तपासायचे, एवढीच काय ती सरहद्द जाणवायची.

आमच्या भागाचा गोव्याशी आणखी एक संबंध होता, तो कस्टम्सच्या नजरेआडचा. १९४३ नंतर सातारा जिल्ह्यात (तेव्हा सांगली वेगळी नव्हती. १९४९ साली दक्षिण सातारा झाला आणि १९६० साली त्याचं नाव सांगली पडलं) क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. त्यांना शस्त्रं लागत होती आणि ती मिळण्याचं एक ठिकाण म्हणजे पोर्तुगिजांचा गोवा. शस्त्रं आणण्याच्या कामात बाळ जोशी नावाचे कार्यकर्ते तिकडच्या तुरुंगात अडकले. त्यांच्या सुटकेच्या कामासाठी नाना पाटलांच्या कन्या हौसाताई गोव्यात गेल्या, आणि परत येताना त्यांनी रात्रीच्या अंधारात एका लाकडी पेटीच्या आधाराने मांडवी नदी पार केली. विट्याच्या हौसाताई २०२१ साली गेल्या, तोवर ही हकिकत त्यांच्या तोंडून अनेकांनी ऐकली आहे. म्हणजे गोव्याची वाट अडवलेली असली तर दुसरी कशी शोधायची, हे आमच्याकडच्या माणसांना माहीत होतं.

आणि वाट अडवायची कशी, हेही माहीत होतं. कऱ्हाडच्या अलीकडे शेणोली म्हणून स्टेशन आहे. ७ जून १९४३ रोजी तिथे तुफान सेनेच्या लोकांनी पुण्याहून मिरजेकडे येणारी गाडी अडवली. गाडीत सरकारी पगाराची रक्कम होती, ती घेतली. दुष्काळाचे दिवस होते, पैसा चळवळीला आणि गरजूंना गेला. त्यात भाग घेतलेले कॅप्टन भाऊ लाड शेवटपर्यंत एक गोष्ट बजावून सांगत, की आम्ही गाडी लुटली नाही, आमचेच पैसे आम्ही परत आणले. मला हा फरक महत्त्वाचा वाटतो. गाडी अडवायची, पण रूळ कायमचे उखडायचे नाहीत. कारण ती गाडी उद्या आपलीच होणार होती.

हे वाक्य लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

आता १९५० च्या दशकात येऊ. भारत स्वतंत्र झाला, फ्रेंचांनी पाँडिचेरी सोडली, पण पोर्तुगालचा सालाझार म्हणत होता की गोवा ही वसाहत नाहीच, तो पोर्तुगालचाच एक प्रांत आहे. १९५४ साली दादरा आणि नगरहवेली त्यांच्या हातून गेली. १९५५ च्या मे महिन्यात ना. ग. गोरे सत्याग्रही घेऊन गोव्यात शिरले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला देशभरातून आलेले हजारो सत्याग्रही हद्द ओलांडून गेले आणि पोर्तुगिजांनी गोळीबार केला. वीसहून जास्त माणसं मेली. भारत सरकारने संबंध तोडले आणि नाकेबंदी कडक केली. रस्ता बंद, रेल्वे बंद, पोस्टाचं आणि पैशांचं येणं-जाणं अडलं. मुरगावची गाडी आमच्या बाजूला कॅसलरॉकलाच थांबायला लागली. आजोबांची मिरज अर्धी झाली ती अशी.

पोर्तुगिजांनी यावर काय केलं? त्यांच्याकडे समुद्र होता आणि आकाश होतं. समुद्रातून हॉलंडचे बटाटे, पाकिस्तानचा तांदूळ, सिलोनचा चहा आणि जपानचं सिमेंट यायला लागलं. आणि आकाशासाठी त्यांनी मुरगावच्या पठारावर, दाबोळी गावाजवळ धावपट्टी बांधली. १९५५ मध्येच ती वापरात आली. तेव्हाच्या गव्हर्नर जनरलचं, बेनार्द गेदिश यांचं नाव तिला दिलं. गोव्याचीच म्हणून एक विमान कंपनीही काढली. पोर्तुगीजमधलं तिचं लांबलचक नाव आखूड करून टाइप असं म्हणत. गोवा, दमण, दीव आणि कराची अशी तिची मूळची वाट. पुढे थेट लिस्बनपर्यंत. नकाशा काढून पाहिलात तर लक्षात येईल, ही सगळी ठिकाणं समुद्राकाठची आहेत. विमान समुद्रावरून गेलं की भारताच्या आकाशात शिरायची गरज नाही. वळसा पडतो, पण वाट आपली.

म्हणजे पाहा, जगातले बहुतेक विमानतळ वाहतूक वाढली म्हणून होतात. दाबोळीचा विमानतळ वाहतूक अडली म्हणून झाला. संघर्षाने त्याचं कामकाज पुढे विस्कळीत झालं हे तर खरंच, पण मुळात संघर्षानेच त्याला जन्म दिला होता. मिरजेची गाडी थांबली नसती तर दाबोळीचं विमान त्या घाईने उडालं नसतं.

आणि हा राजधानीचा विमानतळ होता, हेही विसरायला नको. पणजी ही आज एका छोट्या राज्याची राजधानी आहे, पण तेव्हा ती 'पोर्तुगीज भारत' नावाच्या राज्याची राजधानी होती. तिच्यापासून दाबोळी तीस किलोमीटर, मध्ये झुआरी नदी, आणि पूल नाही. लिस्बनहून आलेला पाहुणा आधी विमानाने दाबोळीला उतरायचा आणि मग फेरीबोटीतून नदी ओलांडून राजधानीत यायचा.

सहा वर्षं हे असं चाललं. १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये कारवारजवळच्या अंजदीव बेटावरून पोर्तुगीज सैनिकांनी भारतीय बोटींवर गोळ्या झाडल्या, एक मच्छीमार मेला, आणि दिल्लीचा संयम सुटला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यापासून बेळगावला फौज जमायला लागली. उत्तरेकडून बेळगावला रेल्वेने यायचं तर पुण्यापर्यंत ब्रॉडगेज आणि पुढे साताऱ्यावरून, मिरजेवरून मीटरगेज. म्हणजे पुण्याला सगळं सामान एका गाडीतून उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायचं. आजोबा सांगायचे, त्या पंधरा दिवसांत वेळापत्रक नावाची गोष्ट भिंतीवर फक्त टांगलेली होती. कुठे चाललात असं जवानांना कुणी विचारत नव्हतं, कारण सगळ्यांना माहीतच होतं. मिरजेच्या प्लॅटफॉर्मवर बायका दशम्या आणि पाण्याच्या कळश्या घेऊन उभ्या राहायच्या. सहा वर्षं जी लाईन गोव्याकडे जाऊ शकत नव्हती, तिच्यावरूनच आता गोव्याकडे निघालेले लोक चालले होते.

तिकडे दाबोळीला उलटी गर्दी. १२ डिसेंबरला 'इंडिया' नावाचं जहाज मुरगावहून लिस्बनला निघालं. त्यावर ३८० जणांची सोय होती, चढले सुमारे ७००. बायका, मुलं, म्हातारी माणसं. ज्यांना जहाजात जागा मिळाली नाही त्यांची नजर विमानांकडे लागली. आणि विमानं किती? पोर्तुगिजांकडे गोव्यात लढाऊ विमान एकही नव्हतं. विमानविरोधी तोफा होत्या त्या जुन्यापुराण्या. शेवटच्या दिवसांत दाबोळीच्या तळावर उभी होती ती दोन प्रवासी विमानं. एक पोर्तुगालच्या राष्ट्रीय कंपनीचं चार इंजिनांचं सुपर कॉन्स्टेलेशन आणि एक टाइपचं डीसी-४. बस्स.

१४ डिसेंबरला सालाझारने गव्हर्नर जनरल वासालु इ सिल्वा यांना निरोप पाठवला. त्याचा अर्थ सरळ होता. शरणागती नाही, आपले सैनिक एक तर जिंकतील नाही तर मरतील. निदान आठ दिवस लढा, तेवढ्यात जगाला जाग आणू. हजारो किलोमीटरवरच्या खुर्चीत बसून आठ दिवस मोजणं सोपं असतं.

१८ डिसेंबर १९६१. सोमवार होता. पहाटे लष्कर हद्द ओलांडून आत शिरलं आणि सकाळी पुण्याच्या लोहगावहून बारा कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं निघाली. विंग कमांडर एन. बी. मेनन त्यांचे प्रमुख. नकाशावर पुण्यापासून दाबोळीपर्यंत पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती जवळजवळ सरळ दक्षिणेला जाते. साताऱ्याजवळून, पाटणच्या डोंगरांवरून, सह्याद्रीच्या पाठीवरून. साडेतीनशे किलोमीटरचं अंतर, कॅनबेरासाठी अर्ध्या तासाचं काम. काही मिनिटांत त्यांनी दाबोळीच्या धावपट्टीवर ६३,००० पौंड स्फोटकं टाकली. २८ टनांहून जास्त. त्यानंतर विंग कमांडर सुरिंदर सिंग यांच्या हाताखालची आणखी आठ कॅनबेरा आली आणि त्यांनीही धावपट्टीलाच लक्ष्य केलं. बेळगावच्या सांबऱ्याहून उडालेल्या सहा हंटर विमानांनी बांबोळीचं बिनतारी केंद्र फोडलं. लिस्बनशी बोलायची वाट बंद, आणि लिस्बनला जायची वाटही बंद.

पण या हल्ल्यात एक गोष्ट वेगळी होती. वैमानिकांना हुकूम होता की धावपट्टी निकामी करायची, मात्र विमानतळाची इमारत आणि बाकीच्या सोयींना धक्का लावायचा नाही. दोन्ही हल्ल्यांत तो पाळला गेला. इमारत उभी राहिली. तळावर उभी असलेली ती दोन विमानंही तशीच राहिली.

आता धावपट्टी फोडणं म्हणजे काय, हे जरा समजून घ्यायला हवं. आपल्याला वाटतं, बॉम्ब पडले म्हणजे विमानतळ संपला. तसं नसतं. धावपट्टी म्हणजे शेवटी एक रुंद, भक्कम रस्ता. बॉम्ब पडला की त्यात खड्डा होतो, कडेचा भाग उचकटतो, भोवती दगडमातीचा चुरा पसरतो. खड्डा भरता येतो. माणसं, फावडी, मुरूम आणि रोलर एवढं असलं की काही तासांत एखादा पट्टा वापरण्याजोगा करता येतो. पूर्ण लांबी नाही मिळत, पण प्रश्न असा असतो की उडणाऱ्याला किती लांबी पुरते. म्हणून धावपट्टी बंद ठेवायची असेल तर पुन्हा पुन्हा यावं लागतं. टर्मिनल, कंट्रोल टॉवर, इंधनाच्या टाक्या, रडार हे एकदा गेलं की महिनोन्महिने उभं राहत नाही. म्हणजे हवाई दलाने नेमकी तीच गोष्ट फोडली जी सगळ्यात लवकर दुरुस्त होते, आणि जी लवकर होत नाही ती राखली.

आणि ती दुरुस्त झालीही. त्याच दिवशी, अंधार पडल्यावर. विमानतळावरच्या कामगारांनी खड्डे बुजवून, चुरा बाजूला सारून धावपट्टीचा एक तुकडा मोकळा केला. गव्हर्नरने ठरवलं की अधिकाऱ्यांच्या कुटुंबांना, बायकामुलांना या दोन विमानांतून काढायचं. कॉन्स्टेलेशनचे वैमानिक मानुएल कोरैया रेइश. विमान हलकं करायला त्यांनी खुर्च्या आणि जे जे काढता येईल ते काढून टाकलं. ज्या विमानाला एरवी याच्या दुपटीहून जास्त धाव लागते, ते जेमतेम ७०० मीटरमध्ये उचललं. धावपट्टीवरचे दगडाचे तुकडे उडून विमानाच्या अंगाला पंचवीसेक भोकं पडली, एक टायर फुटला. पण उडालं. त्यामागून मेजर सोलानु द आल्मेदा यांनी टाइपचं डीसी-४ काढलं. दोन्ही विमानं समुद्रावरून, लाटांना जवळजवळ टेकत, कराचीला पोचली.

मला हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा काय वाटावं हे कळेना. गोवामुक्ती म्हटलं की आपल्या मनात एक चित्र ठरलेलं आहे. त्यात पोर्तुगीज म्हणजे आग्वादच्या कोठडीत मारहाण करणारे. ते चित्र खोटं नाही. पण त्या रात्री खुर्च्या काढलेल्या विमानात, उघड्या पत्र्यावर पोरांना पोटाशी धरून बसलेल्या बायका होत्या. त्यांच्यातल्या कुणी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या नव्हत्या. सकाळी आपल्या वैमानिकांनी ती दोन विमानं जाळली असती, आणि युद्धात तसं करणं काही नवं नाही, तर त्या बायका कुठे असत्या?

युद्ध पुढे फार चाललं नाही. पोर्तुगीज तुकड्या पूल उडवत मुरगावकडे मागे सरकल्या. बाणस्तारीचा पूल गेला, बोरीचा गेला. इथे तो फरक लख्ख दिसतो. ज्यांना उद्या इथे राहायचं नव्हतं ते पूल उडवत होते आणि ज्यांना उद्या हे चालवायचं होतं ते बॉम्ब टाकतानाही इमारत बाजूला ठेवत होते. १९ तारखेला सकाळी ब्रिगेडियर सगत सिंग यांच्या पॅराच्या तुकड्या पणजीत शिरल्या. संध्याकाळी साडेआठच्या सुमारास वास्कोला वासालु इ सिल्वा यांनी शरणागतीच्या कागदावर सही केली. सालाझारचे आठ दिवस छत्तीस-चाळीस तासांत संपले. भारताचे २२ जण कामी आले, पोर्तुगिजांचे तीसेक. लिस्बनला परतल्यावर त्या गव्हर्नरला सैन्यातून काढून टाकण्यात आलं. १९७४ च्या क्रांतीनंतर त्याचा मान त्याला परत मिळाला, आणि १९८० साली तो गोव्याला भेट द्यायलाही आला. लोकांनी त्याचं चांगलं स्वागत केलं म्हणतात. माणसं मरू न देणाऱ्या सेनापतीला शत्रूच्या गावात मान मिळाला आणि स्वतःच्या गावात शिक्षा. असो.

आकाशाचं काय झालं? मुक्तीनंतर गोव्याच्या आकाशात फिरलेल्या विमानात एक बाई आणि एक पुरुष होते. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. १९५५ पासून सहा वर्षं हे दोघं आधी आंबोलीच्या आणि मग कॅसलरॉकच्या जंगलातून गुप्त रेडिओ चालवत होते. त्यांनी विमानाला बांधलेल्या ध्वनिक्षेपकावरून पोर्तुगीजमध्ये आणि कोकणीत गोवा मुक्त झाल्याचं सांगितलं, वरून पत्रकं टाकली. लिबियाताईंना २०२५ साली, वयाची शंभरी ओलांडल्यावर, पद्मश्री मिळाली. कॅसलरॉकच्या ज्या घाटात आमची गाडी सहा वर्षं अडून होती, त्याच घाटातून त्यांचा आवाज मात्र रोज खाली जात होता.

गाडीही सुटली. मिरजेहून पुन्हा थेट मुरगावपर्यंत. आजोबा पहिल्या काही दिवसांतच पासावर जाऊन आले, आणि येताना पत्र्याच्या डब्यात काजू घेऊन आले. त्यांच्या लेखी गोवामुक्ती म्हणजे ते काजू.

इथे ही गोष्ट संपवता आली असती. जपून फोडलेली धावपट्टी, आपली झालेली इमारत, सुरू झालेली गाडी. पण रेल्वेचं जे झालं ते विमानतळाचं झालं नाही. रेल्वे रेल्वेकडे आली. विमानतळ मात्र प्रवाशांकडे आला नाही. गोवा तेव्हा लष्करी प्रशासनाखाली होता. मेजर जनरल कँडेथ लष्करी राज्यपाल. एप्रिल १९६२ मध्ये दाबोळी नौदलाकडे गेली. नौदलाचं 'हंसा' हे ठाणं तेव्हा कोइमतूरजवळ सुलूरला होतं, ते १९६४ मध्ये दाबोळीला आलं. नागरी विमानं सुरू झाली ती नौदलाच्या अंगणातल्या एका कोपऱ्यात. ज्या इमारतीला वैमानिकांनी १८ डिसेंबरला धक्का लावला नव्हता, तिच्यासमोरची धावपट्टी कुणाची, हा प्रश्न मग पुढची साठ वर्षं चालत राहिला.

नौदलाचीही बाजू आहे. पश्चिम किनाऱ्यावर अशी जागा दुसरी नाही, १९६५ आणि १९७१ ची युद्धं झाली, विमानवाहू नौकेच्या वैमानिकांना सराव कुठेतरी करावाच लागतो. हे मान्यच. पण परिणाम असा की अनेक वर्षं आठवड्याचे पाच दिवस सकाळी साडेआठपासून दुपारी एकपर्यंत धावपट्टी नौदलाच्या सरावाला, आणि प्रवासी विमानं उरलेल्या वेळात दाटीवाटीने. हिवाळ्यात युरोपातून चार्टर विमानं यायची ती पहाटे नाहीतर रात्री. जानेवारी २०१८ मध्ये नौदलाचं मिग-२९के धावपट्टीवरून घसरून जळालं, जून २०१९ मध्ये एका मिगची इंधनाची टाकी धावपट्टीवर पडली, आणि दोन्ही वेळा प्रवासी ताटकळले. शेवटी उत्तर गोव्यात, पेडण्याच्या मोप्याला, नवा विमानतळ झाला. डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि जानेवारी २०२३ पासून विमानं सुटू लागली. दाबोळी चालूच राहिली, पण गोव्याचा एकमेव दरवाजा राहिली नाही.

जगात इतरत्र पाहिलं तर दाबोळीचं नशीब चांगलंच म्हणायचं. साराजेव्होला वेढा पडला तेव्हा राजधानीचा विमानतळ संयुक्त राष्ट्रांच्या ताब्यात होता, आणि शहरातल्या लोकांना त्याच धावपट्टीखालून १९९३ मध्ये आठशे मीटरचा बोगदा खणून ये-जा करावी लागली. वरून मदतीची विमानं, खालून माणसं. बैरूतच्या धावपट्ट्या जुलै २००६ मध्ये फोडल्या गेल्या. कीवचा बोरिस्पिल विमानतळ २४ फेब्रुवारी २०२२ च्या पहाटे बंद झाला आणि लाखो लोक रेल्वेने देशाबाहेर पडले. विमान थांबलं की रेल्वे, रेल्वे थांबली की विमान, तीही थांबली की बोगदा किंवा लाकडी पेटी. आणि आपल्याकडेही मे २०२५ मध्ये उत्तर आणि पश्चिम भारतातले ३२ विमानतळ काही दिवस नागरी वाहतुकीला बंद होते. त्यातले कितीतरी असे, जिथे धावपट्टी हवाई दलाची आणि प्रवासी पाहुणे. शांततेच्या काळात हे आपल्या ध्यानातही येत नाही. तिकिटावर फक्त गावाचं नाव असतं.

मला वाटतं, १९६१ ची गोष्ट आपल्याला दोन गोष्टी एकदम सांगते आणि त्यातली एकच आपण ऐकतो. पहिली अशी, की जी वाट उद्या आपली होणार आहे ती अडवताना माणूस हात राखतो. शेणोलीला राखला, दाबोळीलाही राखला. याचा अभिमान वाटायला हरकत नाही. दुसरी अशी, की संघर्षासाठी म्हणून ताब्यात घेतलेली वाट संघर्ष संपला तरी लवकर मोकळी होत नाही. पोर्तुगिजांनी धावपट्टी नाकेबंदीवर उतारा म्हणून बांधली, आपण ती फोडून घेतली, आणि मग संरक्षणासाठी राखली. या तिन्ही वेळा तिकीट काढून बसणारा माणूस यादीत दुसरा होता. बॉम्बचे खड्डे एका रात्रीत बुजले. हा क्रम बदलायला साठ वर्षं लागली.

आमच्या दोन जिल्ह्यांना तर अजून हा प्रश्नच पडायचा आहे. सांगलीकर कवलापूरच्या जागेकडे बघून विमानाच्या गप्पा मारतात, साताऱ्याचे लोक कऱ्हाडच्या धावपट्टीकडे. तोवर कोल्हापूरचं उजळाईवाडी गाठायचं, नाहीतर पुणे. पुण्यालाही धावपट्टी लोहगावच्या हवाई दलाचीच, जिथून त्या सकाळी बारा कॅनबेरा उडाली. नाहीतर आपली गोवा एक्सप्रेस आहेच.

त्या रात्री मी मिरजेला उतरणार होतो, पण एका कामासाठी कऱ्हाडपर्यंत गेलो. दाबोळीला दचकलेलं पोर आईच्या मांडीवर गाढ झोपलं होतं. कुंडलच्या बाजूचे दिवे मागे पडले, मग भवानीनगर, मग शेणोली. गाडी तिथे न थांबता, शिट्टी देऊन निघून गेली. डब्यात कुणी जागं नव्हतं.